सतरा मिनिटांत बुद्ध्यांक

दोन वर्षांपूर्वी एक बातमी मी स्वतः लिहिली होती. तालुक्याच्या ठिकाणी शिबिर झालं, '८४ विद्यार्थ्यांची बुद्ध्यांक चाचणी' असं शीर्षक, वर दीपप्रज्वलनाचा फोटो. फोटोत नऊ माणसं, त्यात मूल एकही नाही. तीन कॉलम जागा मिळाली. आयोजक खूश, संपादक खूश, मीही खूश. चाचणी कोणी घेतली, कोणती घेतली, किती वेळ घेतली, यातलं काहीच मी विचारलं नव्हतं. पाण्याच्या टाकीची बातमी असती तर किती लिटरची, कंत्राटदार कोण, हे नक्की विचारलं असतं.

आता ही पोस्ट का, ते सांगतो.

आलापल्लीला माझं ऑफिस म्हणजे एका झेरॉक्सच्या दुकानातलं एक टेबल. गेल्या उन्हाळ्यात, तेंदूचा हंगाम सुरू व्हायच्या आठ दिवस आधी, एटापल्ली तालुक्यातला एक बाप तिथे कागदाची झेरॉक्स काढायला आला. सोबत चौथीतला मुलगा. दुकानदाराने कागद पाहिला आणि म्हणाला, "हे भाऊला दाखवा." प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. त्यावर लिहिलेलं: बुद्ध्यांक ५८, सौम्य मतिमंदत्व. खाली शेरा: 'सांगितलेल्या सूचना ऐकत नाही.' आश्रमशाळेने बापाला सांगितलं होतं की याला चंद्रपूरच्या विशेष मुलांच्या निवासी शाळेत टाका. कागद त्याच शिबिरातला. माझ्या बातमीतल्या ८४ पैकी एक.

बाप म्हणाला, "पोट्टा येडा नाही जी भाऊ. आयकत नाही, येवढंच."

मी मान हलवली. आपल्याकडे प्रत्येक आईबाप हेच म्हणतात की पोरगं ऐकत नाही. मग मुलगा वळला तेव्हा त्याच्या उजव्या कानात कापूस दिसला. विचारलं तर बाप म्हणाला, "कान वाहते जी. लहानपनापासून. दोनी."

तपासणाऱ्याने लिहिलं होतं 'ऐकत नाही'. बापही तेच सांगत होता, 'ऐकत नाही'. मराठीत या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात आणि त्या दिवशी शिबिरात दुसरा अर्थ कोणाच्या डोक्यात आलाच नाही. बुद्धी मोजण्याआधी मुलाला नीट ऐकू येतं का आणि नीट दिसतं का हे बघायचं, हा या विषयातला अगदी पहिल्या दिवसाचा धडा आहे. हे मला नंतर कळलं.

तो मुलगा हुशार आहे, असा माझा दावा नाही. मला माहीत नाही. असल्या गोष्टीत आपल्याला लगेच सिनेमा दिसतो, की जंगलातलं पोरगं शहरातल्या साहेबाला खोटं पाडतं. तसं काही झालेलं नाही. कदाचित त्याला खरंच बौद्धिक अक्षमता असेल, कदाचित फक्त बहिरेपणा असेल, कदाचित दोन्ही असेल. मुद्दा एवढाच की त्या कागदावरून यातलं काहीच कळत नाही. आणि तरीही तो कागद त्याला घरापासून तोडून चंद्रपूरला पाठवायला पुरेसा होता.

घरी येऊन मी जुनं कात्रण काढलं आणि हिशेब केला. शिबिर सकाळी १० ते संध्याकाळी ५. मधे एक तास जेवण. भाषणं धरतच नाही. उरले सहा तास, म्हणजे ३६० मिनिटं. चाचणी घ्यायला एम.ए. मानसशास्त्राचे चार विद्यार्थी. ८४ भागिले ४ म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २१ मुलं. एका मुलाला सतरा मिनिटं. त्यातच नाव लिहिणं, रडणाऱ्याला समजावणं, लघवीला जाऊन येणं.

आता चाचणीला खरं किती वेळ लागतो ते बघा. आपल्या देशात मुलांसाठी सगळ्यात जास्त वापरली जाणारी एक चाचणी आपल्या नागपूरची आहे, हे मला या वयात समजलं. वेक्सलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची मुलांची चाचणी डॉ. आर्थर मालिन यांनी नागपुरात बसून भारतीय मुलांसाठी बेतली आणि १९६९ मध्ये ती आली. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. तिच्यात अकरा उपचाचण्या आहेत. काही तोंडी, जसं माहिती, शब्दांचे अर्थ, गणित, आकडे ऐकून परत म्हणणं. काही हाताने करायच्या, जसं ठोकळे मांडणं, चित्रातलं काय राहिलं ते ओळखणं, तुकडे जुळवणं. नीट घेतली तर एका मुलाला दीड ते दोन तास सहज लागतात, कधी दोन बैठका कराव्या लागतात. त्यानंतर गुण देणं वेगळं.

(चाचणीतले प्रश्न मी इथे लिहिणार नाही. प्रश्न फुटले की चाचणी बाद होते. स्कॉलरशिपच्या गाइडसारखं याचंही गाइड निघायला वेळ लागणार नाही, आपली माणसं तेवढी तयार आहेत.)

तर सतरा मिनिटांत काय घेतलं असेल? बहुतेक अकरांपैकी दोन-तीन तुकडे. दोन-तीन तुकड्यांवरून अंदाज बांधता येतो, पुढे नीट तपासायला हवीत अशी मुलं वेगळी काढता येतात. त्याला चाळणी म्हणतात. पण चाळणीच्या कागदावर '५८' असा आकडा आणि 'मतिमंदत्व' हा शब्द लिहायचा नसतो.

त्या चार विद्यार्थ्यांवर माझा राग नाही. माझी भाचीच एम.ए. मानसशास्त्र करते, त्यामुळे ही पोरं काय शिकून बाहेर पडतात ते घरातच बघायला मिळालं. तिच्या कॉलेजात चाचणीचं किट एक, विद्यार्थी तीस. ठोकळ्यांतला एक हरवलेला, त्याच्या जागी पुठ्ठ्याचा करून रंगवलेला. प्रॅक्टिकलला विद्यार्थी एकमेकांचीच चाचणी घेतात. तेवीस वर्षांची पोरगी चोवीस वर्षांच्या पोरीला आठ वर्षांच्या मुलाचे प्रश्न विचारते, ती हसत हसत सगळ्यांची बरोबर उत्तरं देते, जर्नलमध्ये निष्कर्ष आधीच्या बॅचचा उतरवला जातो आणि वीसपैकी अठरा मार्क. खऱ्या मुलासमोर ती पहिल्यांदा बसते ती अशा शिबिरातच.

भाचीने मग मनावर घेतलं. नागपूरला एक निवृत्त बाई आहेत, आयुष्यभर हेच काम केलेल्या. त्यांच्याकडे ती सहा महिने दर रविवारी गेली. पहिल्या दिवशी बाईंनी तिला चाचणी दिलीच नाही. फक्त मुलाशी बोलायला लावलं. टेबल कसं ठेवायचं, मुलाचे पाय जमिनीला टेकतात का, खिडकी त्याच्या समोर आहे की पाठीमागे, आई खोलीत असावी की नसावी. दुसऱ्या रविवारी सूचना पाठ. शब्दाला शब्द. "बाळा, नीट विचार कर हं, सोपं आहे" असं आपण सहज म्हणतो ना, ते म्हणायचं नाही, कारण सोपं म्हटलेलं जमलं नाही की मूल पुढच्या प्रश्नाला तोंडच उघडत नाही. आकडे म्हणून दाखवायचे ते सेकंदाला एक, एकाच पट्टीत. आपण फोन नंबर सांगतो तसे दोन-दोन, तीन-तीन जोडून म्हटले की मुलाला ते सोपे जातात आणि गुण खोटे वाढतात. उत्तर अर्धवट असेल तर 'आणखी सांग' म्हणायचं, पण कुठे म्हणायचं आणि कुठे नाही हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. आणि मूल बोललं ते जसंच्या तसं लिहायचं. 'चूक' एवढंच लिहून भागत नाही. काय चुकीचं बोललं ते दुसऱ्या माणसाला वाचता आलं पाहिजे.

भाचीचे पहिले पाच फॉर्म बाईंनी लाल शाईने रंगवून परत दिले. एकात बेरीज चुकलेली. एकात थांबायचं तिथे न थांबता पुढचे प्रश्न विचारलेले. एकात मुलाने "माहीत नाही" म्हटलं आणि हिने दया येऊन इशारा केला. पोरगी घरी येऊन रडली. "मामा, एवढ्या चुका तर मी बारावीच्या बोर्डात नाही केल्या."

मला वाटलं बाई कडक असतील. नंतर वाचलं तर अमेरिकेत १९८० च्या दशकापासून यावर अभ्यास झाले आहेत. तिथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी भरलेले फॉर्म तपासले तर जवळपास प्रत्येक फॉर्ममध्ये चुका सापडल्या, आणि त्या अशाच: उत्तर पूर्ण न लिहिणं, विचारायला हवं तिथे न विचारणं, गुण सढळ हाताने देणं, बेरीज. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की नुसता सराव वाढवून चुका कमी झाल्या नाहीत. दहा चाचण्या घेतल्या तरी तीच चूक दहा वेळा होते, जोवर कोणी फॉर्म बघून 'इथे चुकलीस' असं दाखवत नाही. आपल्याकडे विद्यापीठाचा नियम काय बघतो? किती चाचण्या घेतल्या याचा आकडा. कोणी तपासल्या हा रकानाच नाही.

आपल्या भागातल्या आणखी दोन गोष्टी नागपूरच्या पुस्तकात सापडत नाहीत, म्हणून लिहितो.

एक म्हणजे जन्मतारीख. तुमच्या गावच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर काढून बघा. निम्म्या गावाचा जन्म जूनमध्ये! गुरुजींनी दाखल करताना पोराचा हात डोक्यावरून कानाला लावून पाहिला आणि १ जून टाकलं. आता दवाखान्यात बाळंतपणं होतात म्हणून कमी झालंय, पण संपलेलं नाही. कामत यांची चाचणी घ्या. धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी १९३४ मध्ये बिनेची चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतली होती, ती अजून दवाखान्यांत चालते. तिच्यात मानसिक वय भागिले खरं वय गुणिले शंभर, असा हिशेब असतो. समजा मुलाचं मानसिक वय सहा आलं. रजिस्टरप्रमाणे तो आठ वर्षांचा, तर बुद्ध्यांक ७५. प्रत्यक्षात नऊचा असेल तर ६७. सत्तरच्या खाली असेल तर बौद्धिक अक्षमता धरली जाऊ शकते, वर असेल तर नाही. सगळा खेळ गुरुजींच्या त्या एका अंदाजावर. म्हणून शिकाऊ विद्यार्थ्याला आधी हे शिकवायला हवं की आईला विचार, हा कोणत्या सणाच्या आसपास झाला, त्या साली गावात काय झालं होतं, याच्या आधीचं भावंड कितवीत आहे.

दुसरी गोष्ट भाषा. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, धानोऱ्याकडे गोंडी आणि छत्तीसगढी, सिरोंचाला तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या वसाहतींत बंगाली, जिवती-कोरपन्याकडे कोलामी, घुग्घुस-बल्लारपूरला हिंदी. शिबिरात चाचणी मराठीत. कोणाच्या तरी लक्षात येतं की मुलाला कळत नाहीये, मग आश्रमशाळेतल्या स्वयंपाकाच्या मावशीला बोलावतात. मावशी बिचारी प्रेमाने प्रश्नासोबत उत्तरही सांगून टाकते, किंवा "साहेब विचारून राहिले, बोल ना रे" म्हणून ओरडते. दोन्ही वेळा जे मोजलं जातं ते मुलाचं नसतं. साधं आकडे म्हणण्याचं घ्या. उंदी, रंड, मुंड हे गोंडीतले एक, दोन, तीन. आकड्यांचे शब्द उच्चारायला जितका जास्त वेळ लागतो, तितके कमी आकडे लक्षात राहतात. वेल्श भाषेच्या मुलांना इंग्रजी मुलांपेक्षा गुण कमी का पडतात, याचं हे कारण ब्रिटनमध्ये १९८० सालीच दाखवून दिलेलं आहे. म्हणजे चाचणीचं भाषांतर हे झेरॉक्सच्या दुकानात बसून करायचं काम नाही.

त्यात ही चाचणी १९६९ ची. ज्या मुलांच्या उत्तरांवरून तिचे नॉर्म्स बसवले ती मुलं आज आजोबा आहेत. जेम्स फ्लिन यांनी दाखवलं की पिढीगणिक मुलांचे गुण वाढत जातात, अमेरिकेत दर दहा वर्षांना साधारण तीन. जुन्या मापाने आजच्या मुलाला मोजलं तर तो आहे त्यापेक्षा वर दिसतो. म्हणजे भाषेमुळे आकडा खाली येतो आणि जुन्या नॉर्म्समुळे वर जातो. कोणी म्हणेल, चला, फिटंफाट झाली. तसं होत नाही. दोन्हीकडून खोटा झालेला आकडा खरा होत नसतो. नवी भारतीय आवृत्ती बाजारात आहे, पण तिचं किट महाग, आणि तीही गोंडीत नाहीच.

'मग बंद करा ही शिबिरं' असं कोणी लिहिण्याआधी दुसरी गोष्ट सांगतो. चामोर्शीकडच्या एका गावात मी एका मुलीला ओळखतो. सतरा वर्षांची. नववीपर्यंत ढकलत आली. तिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही, दुकानातून सुटे पैसे मोजून आणता येत नाहीत, संध्याकाळी एकटी बाहेर पडली तर आईच्या जिवाला घोर. तिची चाचणी कधीच झाली नाही. शाळेने सांगितलं नाही, आईला माहीत नाही. चाचणी नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही म्हणून यूडीआयडी कार्ड नाही, संजय गांधी निराधार नाही, निरामय विमा नाही, काहीच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात बौद्धिक अक्षमता आहे, अध्ययन अक्षमता आहे. चाळीस टक्क्यांच्या वर असेल तर हक्क मिळतात, आणि सौम्य बौद्धिक अक्षमतेलाही ५० टक्के धरतात. हे सगळं या मुलीचं होतं. कोणी दीड तास तिच्यासमोर बसलं नाही म्हणून गेलं.

पुण्यात म्हणे आईबाप मूल प्रज्ञावान आहे का हे बघायला बुद्ध्यांक काढून घेतात. आपल्याकडे तोच आकडा एकाला घराबाहेर काढायला वापरला जातो आणि दुसरीला मिळतच नाही.

कायद्याचं म्हणाल तर एम.ए. झालेल्या विद्यार्थ्याला प्रमाणपत्रासाठीच्या अहवालावर सही करता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लागतो. आणि चाचणीच्या आकड्यासोबत मूल रोजच्या व्यवहारात काय करतं, जेवण, कपडे, ओळखी, पैसे, हेही मोजावं लागतं. त्याचं जे मोजमाप वापरतात, तेही मालिन यांनीच १९६५ मध्ये नागपुरात बसवलेलं! पण असे तज्ज्ञ आपल्या दोन जिल्ह्यांत किती, हे तुम्हीच आठवून बघा. सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर. मजुरी बुडवून, मुलाला घेऊन, दोनदा यायचं. माणूस नाही येत.

म्हणून माझं मत असं की विद्यार्थी लागणारच. प्रश्न त्यांना तयार कसं करायचं हा आहे. आणि हे अशक्य आहे असं निदान गडचिरोलीने तरी म्हणू नये. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने याच जिल्ह्यात ३९ गावांत कमी शिकलेल्या बायांना नवजात बाळाचं आजारपण ओळखायला आणि उपचार करायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं की बालमृत्यू, म्हणजे नवजातांचे, ६२ टक्क्यांनी घटले. ते एका दिवसाच्या प्रशिक्षणाने आणि चहा-बिस्किटाने झालं नाही. नोंदी कोणीतरी नियमित येऊन तपासत होतं. दोन वर्षं एम.ए. करणाऱ्या पोरांकडून आपण तेवढीही अपेक्षा ठेवू नये?

गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये याच दोन जिल्ह्यांसाठी निघालं. त्याने हे अंगावर घ्यावं. ज्याचे पाच फॉर्म तज्ज्ञाने तपासून बिनचूक ठरवले नाहीत त्याला शिबिरात मुलासमोर बसू देऊ नये. आईबापाची परवानगी घेऊन मोबाइलवर चाचणीचा व्हिडिओ काढून नागपूरला बसलेल्या बाईंनी तपासायला काय हरकत आहे? कॉलेजचं किट पूर्ण असावं, हे लिहायलाही लाज वाटते. आणि माडिया, गोंडी, कोलामी बोलणारी पोरं-पोरी या विषयाकडे ओढून आणावीत, शिष्यवृत्ती देऊन. मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा काढून दाखवली, तर गोंडीत मुलाशी बोलणारी मानसशास्त्राची विद्यार्थिनी हे काही जगावेगळं स्वप्न नाही. शिबिर भरवणाऱ्यांनी दिवसाला ८४ मुलं नकोत, आठ घ्यावीत. बातमी छोटी येईल, एवढंच. ती मी लिहीन.

तुमच्या घरात, शेजारी कोणाकडे असा कागद असेल तर तो फाडू नका आणि लगेच मानूही नका. त्यावर चाचणीचं नाव आहे का, घेणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का, मुलाची जन्मतारीख खरी आहे का, एवढं बघा. डोळे-कान तपासले का ते विचारा. आणि मला पाठवा. नाव कुठेही येणार नाही.

त्या एटापल्लीच्या मुलाला चंद्रपूरला विशेष शाळेत पाठवलेलं नाही. मी मुख्याध्यापकांशी बोललो, ते समजूतदार निघाले, थांबले. येत्या मंगळवारी कानाच्या डॉक्टरांकडे ऐकण्याची तपासणी आहे, पहिल्या गाडीने जायचं ठरलंय. बुद्धीचं नंतर बघू. बापाने काल फोन करून विचारलं, "तिथं बी प्रश्न इचारतीन का जी?"

म्हटलं, नाही. कानाला यंत्र लावतील आणि आवाज ऐकवतील. आवाज आला की त्याने फक्त बोट वर करायचं.